‘नेफेश’ म्हणजे आत्मा की गळा? हिब्रू शास्त्रातील शब्दांचा अर्थ कसा शोधतात

हिब्रू शास्त्र म्हणजे यहुद्यांचे पवित्र ग्रंथ, ख्रिस्ती बायबलचा जुना करार. त्यातल्या स्तोत्रसंहितेतील ६९ वे स्तोत्र बुडणाऱ्या माणसाच्या हाकेने सुरू होते. ‘देवा, मला वाचव, कारण पाणी नेफेशपर्यंत आले आहे,’ असे तो म्हणतो. हिब्रू शिकू लागलेल्या विद्यार्थ्याने ‘नेफेश म्हणजे आत्मा’ हे समीकरण पहिल्याच आठवड्यात पाठ केलेले असते, आणि ते या ओळीत घातले की पाणी आत्म्यापर्यंत आल्याचे विचित्र वाक्य हाती येते. पुढच्या दोन ओळी वाचल्या तर घोटाळा उरत नाही. पाय टेकायला जागा नाही, खोल चिखलात रुतलो आहे, ओरडून ओरडून घसा कोरडा पडला आहे, असे तोच माणूस सांगतो. पाणी चढत चढत गळ्याशी आले आहे, इतके साधे ते चित्र आहे. आणि संकट गळ्याशी आले असे मराठीत आपण रोज म्हणतो.

नेफेशचा हा अर्थ एकाच ओळीवर उभा नाही. यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायातील चौदाव्या वचनात अधोलोकाने आपला नेफेश रुंद केला आणि तोंड बेसुमार उघडले असे म्हटले आहे. तोंडाच्या जोडीला येऊन रुंद होणारी वस्तू घशाखेरीज दुसरी कोणती असणार? मोठ्या माशाच्या पोटातून योनाने केलेल्या प्रार्थनेतही पाण्याने त्याला नेफेशपर्यंत वेढले आहे. हिब्रूची थोरली बहीण म्हणता येईल अशा अक्कादी भाषेत ‘नपिश्तु’ या शब्दाचे गळा आणि जीव असे दोन्ही अर्थ आढळतात. (वचने ताडून पाहणाऱ्यांसाठी एक सूचना: हिब्रू प्रतीतील आणि मराठी शास्त्रातील वचनांचे क्रमांक काही ठिकाणी एकाने पुढेमागे होतात. ६९ व्या स्तोत्रातील ही ओळ मराठीत पहिले वचन आहे, तर हिब्रूत दुसरे.)

मग नेफेशचा खरा अर्थ गळा आहे आणि ‘आत्मा’ ही चूक आहे, असे म्हणावे काय? तसेही नाही. हा शब्द हिब्रू शास्त्रात सुमारे ७५० वेळा येतो आणि जागोजागी निराळे काम करतो. इस्राएलांचा पूर्वज याकोब याच्या घरचे जे लोक मिसर देशात (इजिप्तमध्ये) गेले ते सगळे मिळून सत्तर नेफेश होते; तेथे त्याचा अर्थ माणसे. ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या २४ व्या अध्यायात गरिबाचे जाते किंवा जात्याची वरची तळी गहाण ठेवून घेऊ नये, कारण ते नेफेशच गहाण घेतल्यासारखे आहे, असा नियम आहे. तेथे त्याचा अर्थ पोट, जगणे. नीतिसूत्रांच्या २३ व्या अध्यायात राजाच्या पंक्तीला बसलेल्या ‘नेफेशवाल्या’ माणसाला स्वतःच्या गळ्याला सुरी लावण्याचा सल्ला दिला आहे. तो नेफेशवाला म्हणजे खादाड. ‘गणना’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात तर ‘मेलेला नेफेश’ असा प्रयोग असून त्याचा अर्थ सरळ प्रेत असा होतो.

या सगळ्या जागा समोर मांडल्यावर मराठी वाचकाला एक शब्द आपोआप सुचावा, आणि तो म्हणजे ‘जीव’. घरात दहा जीव खाणारे आहेत, जीव घशात आला, जीव लागत नाही, जिवाचे रान केले, जिवावर उदार झाला. मराठीतला जीव जितक्या वाटांनी फिरतो, जवळजवळ तितक्याच वाटांनी नेफेश फिरतो. याउलट ‘आत्मा’ म्हटले की गीतेतला, शस्त्राने न तुटणारा आणि अग्नीने न जळणारा आत्मा आपल्या मनात उभा राहतो, आणि हिब्रू नेफेशला ते ओझे पेलत नाही, कारण हा नेफेश मरतो. शत्रू असलेल्या पलिष्टी लोकांच्या देवळाच्या खांबांना रेटा देताना बलाढ्य शमशोन म्हणतो, ‘माझा नेफेश पलिष्ट्यांबरोबर मरो.’ शिवाय ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात मातीचा माणूस श्वास फुंकल्यावर ‘जिवंत नेफेश’ झाला असे जे शब्द आहेत, तेच शब्द पहिल्या अध्यायात मासे आणि गुरेढोरे यांच्यासाठी वापरले आहेत. त्यावरून माणसाला अमर आत्मा नाही असा सिद्धान्त काढण्याची घाई मी करणार नाही. तो प्रश्न धर्मशास्त्राचा आहे आणि एका शब्दावर तो निकालात निघत नाही. एवढे मात्र खरे की तो सिद्धान्त मांडायचा किंवा खोडायचा असेल, तर नेफेश या एकट्या शब्दावर त्याचा भार टाकता येत नाही.

अर्थ शोधण्याची ही जी रीत आपण नकळत वापरली, तीच या अभ्यासाचा कणा आहे. ज्या काळात हे ग्रंथ लिहिले गेले त्या काळातला एकही माणूस आपल्याला विचारायला मिळणार नाही. इसवी सनाच्या पहिल्या दोन-तीन शतकांत हिब्रू ही घरात बोलायची भाषा राहिली नाही. प्रार्थनेत, पठणात आणि विद्वानांच्या लेखनात ती टिकली आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुन्हा बोलभाषा म्हणून उभी करण्यात आली. त्यामुळे आज तेल अवीवमध्ये राहणाऱ्याला विचारून शास्त्रातल्या शब्दाचा निकाल लागत नाही. यहेज्केल या संदेष्ट्याला झालेल्या दर्शनात अग्नीच्या मध्यभागी ‘खश्माल’ नावाचे काहीतरी झळाळत होते. जुन्या ग्रीक भाषांतरकारांनी त्यासाठी ‘एलेक्त्रोन’ हा शब्द योजला, म्हणजे अंबर किंवा सोन्या-चांदीचा मिश्रधातू. आधुनिक हिब्रूत मात्र खश्माल म्हणजे वीज, आपल्या घरातल्या दिव्यांची. यहेज्केलाने विजेचा दिवा पाहिला असे कोणी म्हणणार नाही, परंतु हीच चूक कमी ठळक शब्दांच्या बाबतीत सहज होऊन जाते.

म्हणून पहिले काम कष्टाचे आणि बिनचमत्काराचे असते: शब्द जेथे जेथे आला आहे त्या सगळ्या जागा काढायच्या, त्याच्या शेजारी कोणते शब्द बसतात ते पाहायचे, तो कोणाबद्दल आणि कोणत्या क्रियापदाबरोबर वापरला आहे ते टिपायचे. हे का करावे लागते ते मराठीतूनच पाहू. एखाद्या परदेशी माणसाने आपल्या कोशात ‘खाणे’ हा शब्द काढला तर त्याला अन्न चावून गिळणे, पैसे लाटणे, मार सोसणे, मोकळ्या हवेत फिरणे, ऐट करणे, गंजाने झिजणे अशी यादी मिळेल. यादी बरोबर आहे. पण ‘त्याने भाकरी खाल्ली’ या वाक्यात त्याने यादीतला दुसरा अर्थ उचलला आणि भाकरी लाटली म्हणजे चोरली असा गूढार्थ सांगितला, तर आपण हसू. ‘भाव’ शेजारी बसला की खाण्याचा एक अर्थ, ‘मार’ बसला की दुसरा. अर्थ सोबतीने ठरतो.

हसण्याची ही पाळी हिब्रूच्या बाबतीत फार वेळा येते. जेम्स स्ट्राँग या अमेरिकन प्राध्यापकाने १८९० साली शास्त्रातील प्रत्येक शब्द कोणकोणत्या वचनांत येतो याची प्रचंड सूची प्रसिद्ध केली आणि मागच्या हिब्रू शब्दांना क्रमांक दिले. हे क्रमांक आज मोबाइलवरच्या अनेक बायबल ॲपमध्ये आहेत. शब्दावर बोट ठेवले की हिब्रू शब्द आणि त्याखाली आठ-दहा अर्थांची यादी उघडते. हिब्रू न येणाऱ्यालाही मूळ शब्दापर्यंत पोहोचवणारे ते उत्तम साधन आहे, यात वाद नाही. अडचण पुढे होते. ती यादी म्हणजे इंग्रजी भाषांतरात तो शब्द कसकसा उतरला याची नोंद असते, आणि वाचक तिला पानाच्या तबकासारखी वापरू लागतो: आवडेल तो जिन्नस उचलायचा आणि ‘मूळ हिब्रूत असे आहे’ म्हणून सांगायचे. मी ऐकलेल्या कितीतरी प्रवचनांत हे वाक्य आले की पुढचे विधान तपासून पाहावेसे वाटते.

सगळ्या जागा पाहिल्या म्हणून उत्तर लगेच हाती लागते असेही नाही. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात आदामाची जी ‘त्सेला’ काढली तिला आपण फासळी म्हणतो. हा शब्द सुमारे चाळीस वेळा येतो आणि बाकी जवळजवळ सगळीकडे त्याचा अर्थ बाजू असा आहे: कराराच्या कोशाची बाजू, डोंगराची बाजू, मंदिराच्या कडेच्या खोल्या. तेव्हा आदामाची बाजू, म्हणजे अर्धे अंगच काढले असे काहींचे म्हणणे आहे, आणि अकराव्या शतकातील थोर यहुदी भाष्यकार राशी यांनीही येथे बाजू हाच अर्थ घेतला. पण शेजारच्या अरबी आणि अक्कादी भाषांत याच शब्दाची भावंडे फासळी या अर्थाने नांदतात, आणि ज्या वाक्यात मांस भरून जागा बुजवली असे आहे, पुढे ‘माझ्या हाडातले हाड’ असे आहे, तेथे फासळी हा अर्थ चांगला बसतो. मला फासळी सोडावीशी वाटत नाही. पण तळटिपेत ‘बाजू’ असायला हवी.

आता लिपीकडे वळू, कारण अर्धे वाद तेथेच जन्म घेतात. हिब्रूची बावीस अक्षरे मूलतः व्यंजनांची आहेत आणि शास्त्राचे ग्रंथ शतकानुशतके स्वरचिन्हांवाचून लिहिले गेले. मोडी वाचलेल्याला याची थोडी कल्पना येईल: मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो, ‘दिन’ आणि ‘दीन’ एकसारखे दिसतात आणि वाचणारा ओघावरून ठरवतो. हिब्रूत ही मोकळीक कितीतरी मोठी होती. उच्चाराची परंपरा मुखोद्गत होती. ती कागदावर यावी म्हणून गालील समुद्राकाठच्या तिबिर्या गावातील मसोरा पंडितांनी साधारणतः सातव्या ते दहाव्या शतकांत अक्षरांच्या वरखाली ठिपके आणि रेघा देण्याची पद्धत सिद्ध केली. आज छापली जाणारी अभ्यासाची प्रत मुख्यतः याच परंपरेतील, १००८ सालच्या सुमाराच्या, सेंट पीटर्सबर्ग येथे जतन केलेल्या हस्तलिखितावर आधारलेली आहे.

स्वर बदलला की काय होते ते एका शब्दात दिसते. उत्पत्तीच्या ४७ व्या अध्यायाच्या अखेरीस वृद्ध याकोब आपला मुलगा योसेफ याच्याकडून शपथ घेतो आणि मग ‘म ट ह’ या तीन व्यंजनांच्या शेंड्याशी, टोकाशी नमन करतो. मसोरा पंडितांनी ते ‘मिट्टा’ असे वाचले, म्हणजे खाट. म्हणून याकोब खाटेच्या उशाशी वाकला. त्यांच्याही हजार वर्षांआधी मिसरातील यहुद्यांनी केलेल्या ग्रीक भाषांतरात तीच अक्षरे ‘मट्टे’ अशी वाचली गेली, म्हणजे काठी. म्हणून याकोब काठीच्या टोकावर टेकून वाकला. नव्या करारातील इब्री लोकांस पत्र ग्रीक शास्त्र वापरते, त्यामुळे त्याच्या अकराव्या अध्यायात काठी आहे. मराठी बायबलच्या दोन टोकांना एकाच प्रसंगात एकीकडे खाट आणि दुसरीकडे काठी का, असे कोडे पडलेल्या वाचकाला हे उत्तर आहे. पुढच्याच, म्हणजे ४८ व्या अध्यायात याकोब खाटेवर उठून बसतो, त्यामुळे खाटेचे पारडे जरा जड वाटते.

याच धर्तीचे दुसरे उदाहरण अधिक प्रसिद्ध आहे. सीनाय डोंगरावरून उतरलेल्या मोशेच्या चेहऱ्याची कातडी ‘क र न’ झाली होती. ‘केरेन’ म्हणजे शिंग. हबक्कूकाच्या तिसऱ्या अध्यायात मात्र तोच शब्द देवाच्या हातातून निघणाऱ्या प्रकाशाच्या शलाकांसाठी आला आहे, आणि मोशेच्या बाबतीत तेज फाकले हाच अर्थ बहुतेकांना मान्य आहे. जेरोम या पंडिताने लॅटिन भाषांतरात शिंगांचा शब्द वापरला आणि युरोपातील कलावंतांनी मोशेला शिंगे काढली. रोममधील एका चर्चमध्ये मायकेलअँजेलोने घडवलेला मोशे आजही दोन शिंगांनिशी बसला आहे. मराठी माणसाला येथे एक मोह होतो: केरेन म्हणजे आपला किरण! ऐकायला गोड वाटते, पण किरण संस्कृतातून आला आहे आणि त्याचा हिब्रूशी काही संबंध नाही. ध्वनी जुळला म्हणून गोत्र जुळत नाही.

खरे नाते पाहायचे असेल तर ते अरबीतून आपल्याकडे आलेल्या शब्दांत आहे. हिब्रू आणि अरबी या एकाच कुळातील भाषा, आणि दोन्हींत शब्द बहुधा तीन व्यंजनांच्या धातूपासून होतात. म-ल-ख या धातूपासून हिब्रूत मेलेख म्हणजे राजा, मलका म्हणजे राणी, मलखुत म्हणजे राज्य. त्याच धातूच्या अरबी रूपातून फारसीमार्गे मराठीत आलेले शब्द म्हणजे मालक, मुलूख आणि मलिक. हिब्रूत कातव म्हणजे लिहिले, मराठीत किताब. हिब्रूत केवेर, मराठीत कबर. तिकडे शालोम, इकडे सलाम.

धातूंची ही घडण इतकी सुबक आहे की अभ्यासकाला तिची भुरळ पडते, आणि धातूचा अर्थ कळला की शब्दाचा कळला असे त्याला वाटू लागते. जेम्स बार या स्कॉटिश विद्वानाने १९६१ साली या सवयीवर कठोर टीका केली आणि तेव्हापासून शिकलेला अभ्यासक तरी येथे जपून पावले टाकतो. हिब्रूत ‘लेखेम’ म्हणजे भाकरी आणि ‘मिल्खामा’ म्हणजे युद्ध. दोन्हींत व्यंजने तीच, ल-ख-म. यावरून प्रत्येक लढाई भाकरीसाठी असते असे एखादा वक्ता टाळ्या घेत सांगू शकेल, पण मिल्खामा उच्चारताना कोणा सैनिकाच्या डोळ्यांसमोर भाकरी येत नव्हती. आपलेच पाहा. कुशल म्हणजे मुळात कुश नावाचे गवत हात न कापता तोडणारा, प्रवीण म्हणजे वीणा उत्तम वाजवणारा, असे जुने व्युत्पत्तिकार सांगतात. तरी कुशल डॉक्टराच्या हातात आपण गवत शोधत नाही आणि प्रवीण स्वयंपाकिणीला वीणा आणायला सांगत नाही.

म्हणून ‘रखमीम’ म्हणजे करुणा हा शब्द ‘रेखेम’ म्हणजे गर्भाशय याच्याशी जोडलेला दिसला, तरी करुणा म्हणजे नेहमी आईचीच माया असा नियम करता येत नाही. कवी मात्र हे नाते जागे करू शकतो. यशयाच्या ४९ व्या अध्यायात आई आपल्या पोटच्या गोळ्यावर माया करायची विसरेल काय, असे विचारले आहे, आणि तेथे क्रियापद त्याच धातूचे आहे. तेथे व्युत्पत्ती आपण बाहेरून आणत नाही; वाक्यानेच ती पुढे केली आहे.

जे शब्द सबंध शास्त्रात एकदाच येतात त्यांचे काय करायचे? मोजण्याच्या पद्धतीनुसार असे शब्द हजाराच्या वर भरतात, पण त्यांतल्या अनेकांचे धातू इतरत्र आढळत असल्याने खरोखर अडवणारे थोडे असतात. नोहाचे तारू ज्या ‘गोफेर’ लाकडाचे होते ते कोणते झाड, हे आजही ठरलेले नाही, आणि अशा ठिकाणी शब्द जसाच्या तसा ठेवणे मला अधिक प्रामाणिक वाटते. कधीकधी मात्र जमीन उत्तर देते. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या १३ व्या अध्यायात इस्राएलात लोहार उरला नव्हता, फाळ, कुदळी आणि कुऱ्हाडी यांना धार लावायला लोकांना पलिष्ट्यांकडे जावे लागे, असे सांगून ‘पीम’ हा शब्द येतो. १६११ सालच्या इंग्रजी भाषांतरकारांनी प्रसंग लोहारकामाचा म्हणून पीम म्हणजे कानस असा अंदाज केला. पुढे विसाव्या शतकात उत्खननांत घडीव दगडाची लहान लहान वजने सापडली आणि त्यांवर तीच अक्षरे कोरलेली होती: पीम. एकेका वजनाचा भार सुमारे पावणेआठ ग्रॅम, म्हणजे शेकेल या तेव्हाच्या वजनमापाचा साधारण दोनतृतीयांश. पीम ही कानस नव्हती, तेवढ्या वजनाच्या चांदीत मोजायची धार लावण्याची मजुरी होती. लोहाराचा दर कळताच उताऱ्याचा सूरही बदलतो. हत्यारांसाठी नाडलेल्या शेतकऱ्याची तक्रार त्यात ऐकू येऊ लागते.

आता एक शब्द जरा निवांतपणे पाहू. ‘रुआख’ (यातला ख घशातून येतो) म्हणजे वारा, श्वास आणि आत्मा. तिन्ही अर्थ कोशात आहेत, पण बाबेलच्या बंदिवासातील संदेष्टा यहेज्केल आपल्या ३७ व्या अध्यायात पहिल्या चौदा वचनांत हा शब्द दहा वेळा वापरतो आणि अर्थाची कूस बदलत राहतो. परमेश्वराचा रुआख त्याला वाळलेल्या हाडांच्या खोऱ्यात नेतो. हाडांत रुआख घालीन म्हणजे ती जगतील, असे वचन मिळते. हाडे जुळतात, स्नायू आणि कातडी चढते, पण त्यांत रुआख नसतो. मग संदेष्ट्याला रुआखाशी बोलायला सांगितले जाते: ‘चारी रुआखांकडून ये, हे रुआखा, आणि या वधलेल्यांवर फुंकर घाल.’ या एका वाक्यात चार दिशांचे वारे आहेत आणि मेलेल्यांत शिरणारा श्वासही आहे. अखेरीस देव म्हणतो, ‘माझा रुआख मी तुमच्यात घालीन.’ भाषांतरकाराला प्रत्येक ठिकाणी वारा, श्वास किंवा आत्मा यांतला एक शब्द निवडावा लागतो, आणि निवड कितीही चोख केली तरी एकच शब्द दहा वेळा कानावर पडल्याचा परिणाम हरवतो. मराठीत ‘प्राण’ हा शब्द श्वासाच्या आणि जीवनाच्या जवळ जातो, पण चार दिशांचे चार प्राण असे कोणी म्हणणार नाही.

याच रुआखाचे पहिले दर्शन उत्पत्तीच्या दुसऱ्या वचनात होते. देवाचा रुआख पाण्यावर ‘मेराखेफेत’ होता, असे तेथे म्हटले आहे. हे क्रियापद दुर्मीळ आहे. अनुवादाच्या ३२ व्या अध्यायात गरुड आपल्या पिल्लांवर जे करतो त्यासाठी ते आले आहे, आणि सीरियाच्या किनाऱ्यावरील उगारित येथे सापडलेल्या, हिब्रूच्या जवळच्या भाषेतील मातीच्या पाट्यांवरही त्याचे भावंड पाखरांच्या घिरट्यांसाठी वापरलेले दिसते. म्हणजे नुसते वाहणे नव्हे, नुसते तरंगणेही नव्हे. पंख पसरून पिल्लांवर सावली धरणाऱ्या पाखराच्या या कृतीला इंग्रजीत एका शब्दात पकडणे कठीण जाते. मराठीत मात्र ‘पाखर घालणे’ हा प्रयोग जणू त्यासाठीच तयार होऊन बसला आहे. इंग्रजी भाषांतराच्या खिडकीतून हिब्रूकडे पाहण्याची आपली सवय मोडली तर असे शब्द सापडतात, आणि माझ्या मते मराठी वाचकाने मूळ शब्दांच्या वाटेला जाण्याचे हे सर्वांत मोठे कारण आहे.

ज्या शब्दावर दोन धर्मांचा वाद उभा आहे, त्याला टाळून पुढे जाता येत नाही. यशयाच्या सातव्या अध्यायात राजा आहाजाला सांगितलेल्या चिन्हात एक ‘अल्मा’ गर्भवती होऊन पुत्राला जन्म देणार आहे. अल्मा म्हणजे वयात आलेली तरुण मुलगी. विहिरीवर आलेली रिबका आणि बाळ मोशेवर लक्ष ठेवणारी त्याची बहीण यांनाही हाच शब्द लावला आहे, आणि त्याचे पुल्लिंगी रूप नुसता तरुण मुलगा या अर्थाने येते. कौमार्याकडे बोट दाखवायचे असेल तेव्हा हिब्रूत सहसा ‘बेतुला’ हा शब्द येतो. ग्रीक भाषांतरकारांनी येथे ‘पार्थेनोस’ हा शब्द घातला आणि मत्तयाने येशूच्या कुमारीपोटी झालेल्या जन्माच्या संदर्भात आपल्या शुभवर्तमानात तोच उद्धृत केला. पार्थेनोस म्हणजे सामान्यतः कुमारी, तरी त्याच ग्रीक शास्त्रात उत्पत्तीच्या ३४ व्या अध्यायात अत्याचारानंतरही याकोबाची मुलगी दीना हिच्यासाठी तो शब्द वापरलेला आहे. तेव्हा अल्मा शब्द स्वतः कौमार्य सांगत नाही आणि नाकारतही नाही, इथवर शब्दाचा अभ्यास आपल्याला आणून सोडतो. ख्रिस्ती श्रद्धेचा आधार मत्तय आणि लूक यांच्या कथनात आहे, यहुदी वाचन आहाजाच्या काळाला धरून आहे. एका शब्दाचा कोश उघडून यांतला कोणताही पक्ष दुसऱ्याला चीत करू शकत नाही.

मराठी आणि हिब्रू यांची गाठ काही आजची नाही. कोकणात शतकानुशतके राहिलेले, तेल गाळण्याचा धंदा करणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून शनिवार तेली म्हटले गेलेले बेने इस्राएल हे यहुदी लोक घरात मराठी बोलत आणि ‘शमा’ ही प्रार्थना हिब्रूत म्हणत. मुंबईत आलेले स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ साली मराठीतून हिब्रूचे व्याकरण छापले. १८४६ साली वल्हांडण सणाच्या रात्री वाचायची हग्गादा मुंबईत हिब्रू आणि मराठी अशा दोन्ही भाषांत निघाली, आणि पुढे जोसेफ इझिकेल राजपूरकर यांच्यासारख्या बेने इस्राएल विद्वानांनी प्रार्थना मराठीत आणल्या. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीक शिकून, मूळ भाषांवरून सबंध बायबल साध्या मराठीत उतरवले. १९२२ साली त्या गेल्या आणि १९२४ साली ते प्रसिद्ध झाले. संस्कृत व्याकरण लहानपणीच कंठस्थ केलेल्या बाईला धातू आणि प्रत्यय यांची भीती वाटण्याचे कारण नव्हते.

त्यांच्याप्रमाणेच प्रत्येक भाषांतरकाराला ज्या शब्दापाशी थांबावे लागते तो म्हणजे ‘खेसेद’. हा सुमारे २५० वेळा येतो; १३६ व्या स्तोत्रात तर सव्वीसच्या सव्वीस वचनांच्या शेवटी येतो. दया, कृपा, प्रेमदया, वात्सल्य असे पर्याय मराठीत वापरले जातात. रूथच्या पुस्तकात मात्र ‘दया’ अडखळते. खळ्यावर, रात्रीच्या वेळी, जमीनदार बवाज आपल्या पायांशी आलेल्या रूथला म्हणतो, ‘तुझा हा दुसरा खेसेद पहिल्यापेक्षा चांगला आहे.’ निर्धन, परक्या देशातली विधवा मोठ्या शेताच्या धन्यावर दया कशी करील? तिचा पहिला खेसेद म्हणजे सासूला न सोडणे, आणि दुसरा म्हणजे तरुणांच्या मागे न जाता सासरच्या कुळातल्या माणसाकडे येणे. येथे मला मराठीतले ‘जागणे’ हे क्रियापद सर्वांत जवळचे वाटते: ती नात्याला जागली, दोन्ही वेळा. खाल्ल्या मिठाला जागणे, दिल्या शब्दाला जागणे, यांत जो भाव आहे तो खेसेदमध्ये भरपूर आहे. मग ३३ व्या स्तोत्राकडे वळावे, तर तेथे परमेश्वराच्या खेसेदने पृथ्वी भरून गेली आहे असे लिहिलेले असते, आणि ‘जागणे’ तेथे एका पायावरही उभे राहत नाही. कोश पुन्हा उघडावा लागतो.